वर्षाचा एक मराठी सिनेमा

आमच्या घरी वर्षातून एकदा मराठी सिनेमा यायचा, आणि तो दिल्लीहून यायचा.

झाशीच्या थिएटरवाल्यांना मराठी सिनेमाशी काही घेणंदेणं नव्हतं, आणि का असावं? सगळ्या शहरात मराठी घरं मूठभर, त्यातली निम्मी बोलण्यापेक्षा समजण्यावर भागवणारी. पेशवाईत आमचे कुणी पूर्वज कारकुनी करायला इकडे आले आणि परतायचं विसरले. लोक आम्हाला अजून ‘दक्खिनी’ म्हणतात. दक्षिण मी नकाशात पाहिली आहे.

टीव्ही आला आणि रविवारी दुपारी निरनिराळ्या भाषांतले सिनेमे दाखवू लागले. ते बहुतेक राष्ट्रीय पुरस्कार मिळालेले असत. म्हणजे मराठी सिनेमानं प्रेमनगरातल्या आमच्या बैठकीत यायचं, तर आधी दिल्लीला जाऊन राष्ट्रपतींच्या हातून रजतकमळ घेऊन यायचं. बाबांनी ही गोष्ट पहिल्याच वर्षी ओळखली आणि तेव्हापासून पुरस्कारांची यादी हा आमच्या घरचा सण झाला. हिंदी पेपरात यादी छापून आली की बाबा ती उभ्याउभ्या वाचत. उत्कृष्ट अभिनेता, संगीत, छायाचित्रण, सगळं भराभर ओलांडून भाषांच्या रांगेत मराठीवर येऊन थांबत. मग ते नाव भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेन्सिलीनं लिहीत. एका वर्षी परीक्षकांना एकही मराठी सिनेमा पसंत पडला नाही. त्या दिवशी बाबांनी दुपारचा चहा घेतला नाही आणि आम्हालाही मागायची हिंमत झाली नाही.

लाल पेन्सिल बाबांची जन्माची सोबतीण. ते रेल्वेच्या ऑफिसात होते आणि इतरांनी लिहिलेल्या इंग्रजी पत्रांतल्या चुका काढणं हे त्यांचं काम. चूक दिसली आणि बाबा गप्प बसले, असं कधी होत नसे. लग्नाच्या पत्रिकेतली चूकसुद्धा ते आहेराच्या पाकिटावर दुरुस्त करून देत. हा गुण त्यांच्याकडून मी घेतला. मी इंग्रजी घेऊन एम.ए. झाले होते, सदर बाजारातल्या एका ऑफिसात नोकरी करत होते, आणि माझ्या जिभेला हाड नव्हतं.

ताईनं त्यांच्याकडून काहीच घेतलं नाही. ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, मवाळ, हसतमुख. कॉलेजातल्या, जवळच्या गुरसराय गावच्या एका मुलाशी तिनं लग्न केलं आणि केल्यावर घरी सांगितलं. मुलगा चांगला होता, पण आपल्यातला नव्हता. बाबांनी आरडाओरड केली नाही. त्यांनी आईचा हात धरून देव्हाऱ्यावर ठेवला आणि तिच्याकडून शपथ घेतली: तिला पत्र लिहिणार नाही, निरोप धाडणार नाही, ती आली तर दार उघडणार नाही. आईनं मान हलवली. ती शपथ मोडणाऱ्यांतली नव्हती. देवाला ठेवलेलं केळं कुणी नैवेद्याआधी उचललं तर दिवसभर बोलायची नाही अशी बाई ती.

मला कुणी शपथ घातली नव्हती. तरी मी ताईला पत्र लिहिलं नाही. तिचा मला राग होता. तिच्या लग्नानंतर मला सांगून येणारी स्थळं एकाएकी पत्रिका जुळत नाही म्हणू लागली होती. ताई जाऊन सुखात पडली आणि निस्तरायला मी उरले, असं मला वाटायचं. खरं सांगायचं तर अजूनही एखाद्या दिवशी वाटतं.

शेजारच्या चाचींचं माहेर गुरसरायचं. त्यांची आई आजारी असे, म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी त्या तिकडे जात. परतल्यावर गच्चीवर कपडे वाळत घालताना आमच्या भिंतीकडे तोंड करून मोठ्यानं म्हणत, “गुरसराय में सब ठीक है, जिज्जी।” आई काही विचारत नसे, कारण विचारणं म्हणजे निरोपच झाला. ती फक्त हातातला कपडा जरा जास्त वेळ झटकत राही.

ताई गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी मराठीचं रजतकमळ एका लहानशा सिनेमाला मिळालं, आणि त्यातल्या नायिकेलाही पुरस्कार मिळाला. समारंभ टीव्हीवर दाखवत होते. बाबा अशा वेळी खुर्चीत नीट ताठ बसत, जणू कॅमेरा त्यांच्यावरही फिरणार आहे. एकेका विजेत्याचं नाव पुकारत, तो चालत जाई, राष्ट्रपती हसत, पदक, शाल, टाळ्या. बंगाली झाले, मल्याळी झाले. मराठीचं नाव आल्यावर बाबांनी गुडघ्यावर बोटांनी अगदी हळू टाळ्या वाजवल्या. मग ती नायिका आली. वीस-बावीस वर्षांची, साधी सुती साडी. पदक घेतल्यावर गोंधळली, जायचं त्याच्या उलट बाजूला वळली, आणि तिथल्या अधिकाऱ्यानं तिला खांद्याला हात न लावता, नुसत्या खुणेनं परत वळवलं. ताई अगदी अशीच होती. शाळेच्या बक्षीससमारंभात ती हमखास चुकीच्या जिन्यानं उतरायची.

“हिचे आईवडील आले असतील का बघायला?” आईनं विचारलं.

मी म्हणाले, “आले असतीलच. न यायला काय झालं?”

तो सिनेमा रविवारी लागणार असं कळलं तेव्हा नेहमीप्रमाणे चार मराठी घरांना बोलावणं गेलं. नऊ-दहा माणसं येत. आई सकाळपासून सांज्याच्या पोळ्या लाटत बसे. या खेपेला ती स्वतः चाचींकडेही जाऊन आली. चाची तशाही यायच्याच, त्यांना टीव्हीवर काहीही चालायचं, पण मुद्दाम जाऊन सांगणं नवीन होतं. माझ्या ते लक्षात आलं आणि मी ते सोडून दिलं.

आता एक गोष्ट कबूल करायला हवी. वर्षभर वाट पाहून आलेला हा मराठी सिनेमा आमच्यापैकी कुणाला फारसा कळत नसे. आमची मराठी दोनशे वर्षं हिंदीच्या शेजारात राहिलेली, आणि सिनेमातली मराठी कुठल्याशा माळरानावरच्या गावातली. दोघींची गाठ पडली असती तर त्यांनी एकमेकींची चौकशी हिंदीतच केली असती. पडद्याच्या खालच्या अंगाला इंग्रजी ओळी येत. बाबा आणि मी गुपचूप त्या वाचत असू. बाकीची मंडळी माना डोलावत आणि सगळं समजल्यासारखं हसत. मराठी माणसाला मराठी कळत नाही, हे चारचौघांत कोण म्हणेल?

आईची पंचाईत जास्त होती, कारण चाची तिला प्रश्न विचारत. आणि आई उत्तरं देई. दर वर्षी ती चाचींना सिनेमा हिंदीत समजावून सांगायची, थोडा कळलेला, बराचसा रचलेला. मला ते ठाऊक होतं. मी मनात हसत असे आणि सोडून देत असे.

त्या रविवारची गोष्ट एका मुलीची होती. ती घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न करून जाते, पुढे दिवस फिरतात, आणि ती बापाच्या दारात येऊन उभी राहते. चार घरांना आमच्या घरातलं सगळं माहीत होतं. पोळ्यांची ताटली हातोहात फिरत होती, पण कुणाचं लक्ष तुपाकडेही नव्हतं.

“जा मोड़ी काय रो रई?” चाचींनी विचारलं. ही मुलगी का रडते आहे?

“मायके की याद आ रही है,” आई म्हणाली. “माँ ने कहलवाया है, आ जा।”

असं कुणी काही कळवलेलं नव्हतं. पडद्यावरची आई चुलीपुढे बसली होती आणि खाली इंग्रजीत आलं होतं की तिनं मुलीचं नाव काढायचं नाही. मी बाबांकडे पाहिलं. ते ओळ वाचत होते. त्यांचे ओठ वाचताना किंचित हलत, ते हलले होते. ते काही बोलले नाहीत.

“और बाप?” चाची.

“बाप गुस्से में बोल गया था,” आई म्हणाली. तिची नजर पडद्यावर होती आणि आवाज नेहमीपेक्षा मोठा, एकेक शब्द सुटा, शाळेत पाठ म्हणून दाखवताना लागतो तसा. “अब मन में पछताता है। बस मुँह से कहता नहीं।”

मी पुन्हा बाबांकडे पाहिलं. सबंध आयुष्यात त्यांनी चूक सोडली नव्हती. ते खुर्चीच्या हातावर बोटं ठेवून समोर पाहत बसले होते.

शेवटी मुलगी दारात उभी होती. आत बाप पाठ फिरवून बसला होता. खाली ओळ आली, या घरात आता तिला जागा नाही. मग बराच वेळ नुसतं बंद दार, आणि त्यावर नावं चढू लागली.

“का भओ?” चाचींनी विचारलं. “खोले किवार?” उघडलं का दार?

“खोल दिए,” आई म्हणाली. “बाप ने खुद उठके दरवाज़ा खोल दिया। लड़की घर आ गई।”

माझ्याच्यानं राहवलं नाही. ते का राहवलं नाही, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. शहाणपणा मिरवायचा होता, हे एक. पण मला राग आला होता, हे खरं. निघून गेलेल्या मुलीसाठी आई दारं उघडत बसली होती, आणि मी तिच्या शेजारी, पोळ्यांच्या ताटल्या उचलणारी, घरातच होते.

“आई, काहीतरी काय सांगतेस?” मी म्हणाले. मग चाचींना कळावं म्हणून हिंदीत म्हणाले, “नहीं चाची, नहीं खुलता। नीचे अंग्रेज़ी में साफ़ लिखा है। उसके लिए घर में जगह नहीं है।”

सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. इंग्रजीचा शेवटचा शब्द त्यांचाच असे. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“बरोबर आहे,” ते म्हणाले. “नाही उघडत.”

आणि उठून त्यांनी टीव्ही बंद केला.

आई मला रागावली नाही. तिनं ताटल्या गोळा केल्या, चाचींना उरलेल्या दोन पोळ्या बांधून दिल्या. पण पुढल्या वर्षी यादी आली तेव्हा तिनं मराठीचं कोण म्हणून विचारलं नाही. समारंभ लागला तेव्हा ती गव्हातले खडे काढत बसली. चार घरं एक-दोन वर्षं आली, मग त्यांच्याकडे त्यांचे टीव्ही आले. चाची गुरसरायहून परतल्यावर भिंतीशी येऊन ‘सब ठीक है’ म्हणत, ते मात्र त्या रविवारनंतर त्यांनी फक्त दोनदा म्हटलं. का, ते मी विचारलं नाही.

बाबा गेले तेव्हा मी आईला म्हणाले, आता ताईला कळवू. आईनं मान हलवली. “नको. ज्यांनी घातली ते गेले. आता शपथ सोडवणार कोण?” शपथ आईला होती. मी कळवू शकले असते. मी नाही कळवलं, एवढंच त्याबद्दल लिहिता येईल.

त्यानंतर आम्ही दोघी सतरा वर्षं त्या घरात राहिलो. मी ऑफिसातून यायचे, आई चहा ठेवायची, आम्ही दिवसभरात पंधरा-वीस वाक्यं बोलत असू. ती मराठी होती, पण तिच्यात फारसं काही उरलेलं नव्हतं. दूध आलं का, दिवा गेला, पंखा बंद कर.

आई गेली तेव्हा चाचींच्या मुलानं आपण होऊन गुरसरायला फोन केला. ताई दुपारच्या बसनं आली. आमचं दार सताड उघडं होतं. मयताच्या घराचं दार कोण लावतं? तरी ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली. केस पांढरे झाले होते, हातात कापडी पिशवी. आत माणसं बसली होती, मी त्यांच्यातून तिच्याकडे पाहत होते, आणि ती कुणी ये म्हणेल याची वाट पाहत होती. शेवटी चाचींनी उठून तिला दंडाला धरून आत आणलं. तेही मी केलं नाही.

ताई तेरा दिवस राहिली. तिची मराठी जवळजवळ गेली होती, ती हिंदीत बोलायची आणि मी मराठीत, आणि दोघी शक्यतो गप्प राहत असू. तेराव्याचं जेवण झाल्यावर भांडी आवरताना तिनं मला विचारलं, “वो पिक्चर तुझे याद है?”

मला कळेना कुठला.

“उससे पहले चाची आई थीं,” ती म्हणाली. “बोलीं, जिज्जी ने क़सम खाई है, संदेसा नहीं भेज सकतीं। इसलिए कहा है, मैं इतवार को सिनेमा सुनाऊँगी, जैसा सुनाऊँ वैसा जाके मेरी बेटी को सुना देना।”

माझ्या हातात पातेलं होतं. ते मी खाली ठेवलं.

आईनं निरोप धाडला नव्हता. तिनं सिनेमा सांगितला होता. शपथ शाबूत ठेवून, बाबांच्या डोळ्यांदेखत, चार घरांच्या साक्षीनं. आणि बाबा, ज्यांना एक स्वल्पविराम चुकलेला खपत नसे, ते इंग्रजी वाचत असूनही गप्प राहिले होते. त्यांना समजलं होतं. दार उघडायला त्यांची हरकत नव्हती, फक्त उघडलं असं स्वतःच्या तोंडानं म्हणायचं नव्हतं. आईनं ते त्यांच्याऐवजी म्हटलं, आणि मी भरल्या बैठकीत त्यांना ती चूक आहे अशी सही करायला उभं केलं. मग त्यांना दुसरं काय म्हणता येणार होतं?

“मग चाचींनी काय सांगितलं?” मी विचारलं, जरी मला कळून चुकलं होतं. चाची सरळ बाई होत्या. अर्धं सांगणं त्यांना जमलं नसतं.

“बाद में फिर आईं, पूरा सुनाया,” ताई म्हणाली. “माँ ने कहा खुल गया। छोटी ने कहा नहीं खुलता। बाबूजी ने कहा छोटी सही कहती है।” ती ताटल्या एकात एक रचू लागली. “मेरा बक्सा बँधा रखा था। मैंने खोल लिया।”

ती रागानं बोलली नाही. मला वाटतं, राग तिच्यात कधी नव्हताच, तो सगळा माझ्या वाट्याला आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं ती गेली. मी तिला स्टँडवर सोडायला गेले आणि माफ कर हे दोन शब्द जसे नेले होते तसेच परत घेऊन आले.

आता मी निवृत्त आहे. घर तेच, मी एकटी. मराठी बोलायला कुणी नाही, म्हणून कधी कधी कुकरशी बोलते. चाची गेल्या, त्यांची सून भली आहे, संध्याकाळी एक चक्कर मारून जाते. पण पुरस्कारांचा समारंभ मी अजून चुकवत नाही. विजेते चालत येतात, पदक घेतात, शाल सावरतात, आणि मी मराठीचं नाव येईपर्यंत ताठ बसून असते. ही सवय बाबांची.

यंदा मराठी सिनेमातल्या एका आजीच्या भूमिकेला पुरस्कार होता. नाव पुकारलं आणि एक पांढऱ्या केसांची बाई चालत आली. चेहऱ्यावरून मी ओळखलं नसतं. पण पदक घेतल्यावर ती उलट बाजूला वळली आणि तिथल्या माणसानं नुसत्या खुणेनं तिला परत वळवलं.

मी ताईला फोन लावला. आम्ही दिवाळीला आणि संक्रांतीला बोलतो, तेवढंच. “टीव्ही लाव,” मी म्हणाले. “ती त्या सिनेमातली. दारातली.”

तिकडे टीव्ही सुरू झाल्याचा आवाज आला. ताई बराच वेळ पाहत असावी. “अच्छा, ये है,” ती म्हणाली. मग म्हणाली, “मैंने तो वो पिक्चर कभी देखी ही नहीं। सच बता, आख़िर में क्या हुआ था?”

आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या चुका काढल्या. अजूनही पेपरातल्या काढते.

“आई बरोबर सांगत होती,” मी म्हणाले. “बाबांनी उठून दार उघडलं. मी चुकीचं वाचलं होतं.”

तिच्या टीव्हीवर टाळ्या वाजत होत्या.

“खोटं बोलतेस,” ताई म्हणाली. मराठीत म्हणाली.

“घरी ये ना, ताई,” मी म्हणाले. इतक्या वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा उच्चारलं, आणि उच्चारायला ते काहीच जड नव्हतं.

“अब घुटने बस की सीढ़ी नहीं चढ़ते, छोटी,” ती म्हणाली.

फोन तिनंही ठेवला नाही, मीही नाही. पडद्यावर पुढच्या भाषेचं नाव पुकारलं गेलं, आणि तेच नाव तिच्या टीव्हीवरून फोनमधून मला पुन्हा एकदा ऐकू आलं.